रात्रपाळीचा हजेरीपट

शौर्याच्या गोष्टी वाचताना आम्हाला एक उणीव नेहमी जाणवते. त्यांत वेळापत्रक नसते. लढाई असते, जखम असते, पदक असते. पण ज्याने हे केले तो माणूस किती वाजता उठत होता, त्याला ते काम कुणी शिकवले, त्याला झोप कधी मिळत होती, हे कुणी लिहीत नाही. शाळेत काम करणाऱ्याला हे खटकतेच. आमचा सगळा दिवस वेळापत्रक, पाठ टाचण आणि हजेरीपट या तीन कागदांवर चालतो. यातला एक जरी कागद हाती नसला, तरी गोष्ट अर्धीच कळली असे आम्हाला वाटत राहते.

दुसऱ्या महायुद्धाचा पाठ शिकवताना आम्ही अशाच एका गोष्टीच्या मागे लागलो. सोव्हिएत संघाच्या हवाई दलात रात्री बॉम्बफेक करणारी एक रेजिमेंट होती आणि त्या रेजिमेंटमध्ये सगळ्या स्त्रियाच होत्या. विमान चालवणाऱ्या, नकाशावरून वाट दाखवणाऱ्या, इंजिन दुरुस्त करणाऱ्या, बॉम्ब चढवणाऱ्या, एवढेच काय, कमांडरसुद्धा. जर्मन सैनिकांनी त्यांना ‘रात्रीच्या चेटकिणी’ असे नाव ठेवले. जगभर तेच नाव चालले. आमच्या वर्गातल्या मुलींनाही ते फार आवडले; भूताची गोष्ट निघाल्यासारख्या त्या पुढे सरसावून बसल्या. पण चेटकिणीला शिकावे लागत नाही, तिला थंडी वाजत नाही, तिचे हात सोलवटत नाहीत. नाव ऐकले की काम दिसेनासे होते. म्हणून आम्ही शब्दकोश जवळ घेऊन, जमेल तसे इंग्रजी वाचत, त्या नावामागचे काम शोधू लागलो.

सुरुवात मारिना रास्कोवा यांच्यापासून करावी लागते. १९१२ साली जन्मलेल्या या बाई नॅव्हिगेटर होत्या, म्हणजे आकाशात वाट शोधणाऱ्या. १९३८च्या सप्टेंबरमध्ये व्हॅलेंटिना ग्रिझोदुबोवा आणि पोलिना ओसिपेंको या दोघी वैमानिकांबरोबर त्या मॉस्कोहून थेट अतिपूर्वेकडे निघाल्या. सव्वीस तासांहून अधिक काळ विमान न थांबता उडाले. शेवटी इंधन संपत आले आणि विमान दलदलीत उतरवावे लागणार हे दिसू लागले. नॅव्हिगेटरची जागा विमानाच्या नाकाडात, काचेच्या आड. विमान आपटले तर तिचाच चुराडा आधी. म्हणून रास्कोवांनी पॅराशूट घेऊन खाली उडी मारली आणि दहा दिवस त्या सायबेरियाच्या जंगलात एकट्या भटकत राहिल्या. जवळ खायला चॉकलेट, तेही थोडेच. दहा दिवसांनी त्या विमानापर्यंत पोहोचल्या. तिघींना ‘सोव्हिएत संघाचा वीर’ हा किताब मिळाला; स्त्रियांना तो मिळण्याची ही पहिलीच वेळ.

२२ जून १९४१ रोजी जर्मनीने सोव्हिएत संघावर हल्ला केला, तेव्हा देशात विमान चालवू शकणाऱ्या मुली बऱ्याच होत्या. तीसच्या दशकात गावोगाव उड्डाण क्लब निघाले होते. कारखान्यात काम करून किंवा कॉलेजात शिकत मुली तिथे विमान शिकत. पण भरतीच्या कार्यालयात गेल्या की त्यांना सांगितले जाई, नर्स व्हा. तेव्हा त्या रास्कोवांना पत्रे लिहू लागल्या. रास्कोवांनी आपले वजन वापरले आणि ८ ऑक्टोबर १९४१ रोजी स्त्रियांच्या तीन हवाई रेजिमेंट उभारण्याचा हुकूम निघाला: ५८६वी लढाऊ विमानांची, ५८७वी बॉम्बफेकी विमानांची आणि ५८८वी रात्रीच्या बॉम्बफेकीची. आमची गोष्ट या तिसरीची.

जर्मन फौजा मॉस्कोजवळ येऊन ठेपल्या होत्या. ऑक्टोबरच्या मध्यात मुलींची गाडी मॉस्कोहून निघाली आणि रखडत रखडत एका आठवड्याहून अधिक दिवसांनी व्होल्गा नदीच्या काठी एंगेल्स गावी पोहोचली. समोरच्या काठावर साराटोव्ह शहर. एंगेल्सला लष्करी वैमानिकांची शाळा होती. तिथेच या मुलींचा वर्ग भरणार होता.

या गावाविषयी आणखी एक गोष्ट सांगायला हवी, कारण शौर्यकथा सांगणारे ती बहुधा सोडून देतात. एंगेल्स ही व्होल्गाकाठच्या जर्मन वंशाच्या लोकांच्या स्वायत्त प्रजासत्ताकाची राजधानी होती. हे लोक अठराव्या शतकापासून तिथे शेती करत होते. २८ ऑगस्ट १९४१ रोजी सरकारने फर्मान काढले की या लोकांत शत्रूचे हेर लपलेले आहेत, म्हणून सगळ्यांना हलवावे. एकेकाची चौकशी नाही, सुनावणी नाही. साडेतीन लाखांहून अधिक माणसे सप्टेंबरमध्ये सायबेरिया आणि कझाकस्तानकडे रवाना केली गेली. महिना-दीड महिन्याने या मुली तिथे उतरल्या. ज्या राज्याने मुलींवर विश्वास टाकला, त्याच राज्याने त्याच गावात हजारो घरांवरचा विश्वास एका कागदाने काढून घेतला होता. हे आम्ही इथे नुसते नोंदवून ठेवतो. पुढे याच्याकडे परत यायचे आहे.

आता शिक्षणाकडे वळू. एरवी जे शिकायला दोन-तीन वर्षे लागत, ते सहा-सात महिन्यांत शिकायचे होते. दिवसाला बारा-चौदा तास अभ्यास. कवायत, वर्ग, उड्डाण, पुन्हा वर्ग. नॅव्हिगेटर मुलींना मोर्स लिपी, नकाशा, होकायंत्र, वाऱ्याचा हिशेब. वारा बाजूने आला तर विमान किती सरकेल, त्यासाठी नाक किती वळवून धरायचे, बॉम्ब नेमका कधी सोडायचा, हे सगळे गणित गुडघ्यावरच्या नकाशावर, अंधारात करायचे. सगळ्यांनाच लढाऊ वैमानिक व्हायचे होते; नॅव्हिगेटर कुणालाच व्हायचे नव्हते. वर्गात मॉनिटर व्हायला सगळ्या आणि फळा पुसायला कुणी नाही, तसेच ते. पण रास्कोवा स्वतः नॅव्हिगेटर. त्यांनी वाटणी केली आणि ती मान्य करावी लागली. केसांचाही हुकूम निघाला: कानाच्या मध्यापर्यंत, त्याखाली नको. लांबसडक वेण्या कापल्या गेल्या. गणवेश पुरुषांचे, आतल्या कपड्यांसकट. बूट इतके मोठे की चिंध्या आणि कागद कोंबून ते पायात बसवायचे.

हे वाचताना आम्हाला आमचे बी.एड.चे वर्ष आठवले. तिथे सूक्ष्म अध्यापन नावाचा प्रकार असतो. पूर्ण पाठ घ्यायचा नाही. फक्त प्रश्न विचारण्याचे कौशल्य, फक्त फळ्यावर लिहिण्याचे कौशल्य, पाच-सहा मिनिटे, मग टीका, मग पुन्हा तेच. सुरुवातीला वाटते, हा काय पोरखेळ! नंतर पन्नास मुलांच्या वर्गात उभे राहिल्यावर कळते की जीभ कोरडी पडली तरी हात आपोआप खडू उचलतो, कारण त्याला सवय लागलेली असते. एंगेल्सला तेच चालले होते. आधी दिवसा उडायचे, मग रात्री, मग खाली दिवे नसताना. भीती जावी म्हणून कुणी थांबत नव्हते. भीती असताना हाताने काय करायचे, एवढेच शिकवले जात होते.

त्यांना मिळालेले विमान पाहून हसू यावे. पो-२ नावाचे हे विमान. १९४४ साली त्याचा रचनाकार पोलिकार्पोव्ह वारला, तोवर त्याला यू-२ म्हणत. १९२०च्या दशकाच्या शेवटी शिकाऊ वैमानिकांसाठी बनवलेले. लाकडी सांगाडा, त्यावर कापड, दोन मजली पंख, शंभर अश्वशक्तीचे इंजिन. शेतावर औषध फवारायलाही तेच वापरत. वेग ताशी सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. दोघींच्या जागा एकीमागे एक, डोक्यावर छप्पर नाही. रेडिओ नाही. १९४४पर्यंत पॅराशूटही नाही. तेवढे वजन वाचवून बॉम्ब न्यायचे. पंखांखाली दोनशे ते तीनशे किलोचे बॉम्ब. दिवसा हे विमान म्हणजे हातात सापडलेली चिमणी. म्हणूनच ते रात्री उडायचे. लक्ष्य जवळ आले की इंजिन मंद करायचे आणि घरंगळत खाली यायचे. तारांतून वाऱ्याचा सरसराट तेवढा खाली ऐकू जाई. ‘चेटकीण’ हे नाव त्या आवाजावरून पडले असे सांगतात.

पहिला मृत्यू शत्रूच्या हातून आला नाही. मार्च १९४२मध्ये, एंगेल्सलाच, रात्रीच्या सरावात हिमवादळ उठले. आकाश कुठे आणि जमीन कुठे कळेना. त्या रात्री चार मुली गेल्या. शिकता शिकता. त्यानंतर काही दिवस गेले असतील आणि पुन्हा रात्रीचा सराव सुरू झाला असेल, तेव्हा उरलेल्यांनी विमानात पाय कसा ठेवला असेल, हा विचार आमच्या मनातून जात नाही. मे महिन्यात येव्दोकिया बेर्शान्स्काया यांच्या नेतृत्वाखाली रेजिमेंट दक्षिण आघाडीवर गेली आणि जूनमध्ये प्रत्यक्ष लढाईची उड्डाणे सुरू झाली. तिथल्या पुरुष अधिकाऱ्यांना या पोरी म्हणजे डोक्याला ताप वाटला. त्यांचा आवाज पुढे बंद झाला, तो भाषणांनी नव्हे, रोजच्या कामाने.

आता ते वेळापत्रक. संध्याकाळ होऊ लागली की विमाने मुख्य तळावरून उडून आघाडीजवळच्या एखाद्या माळावर येत. धावपट्टी म्हणजे गवत, आणि खूण म्हणजे दोन-चार कंदील, तेही एकाच बाजूने दिसतील असे झाकलेले. अंधार पडला की पहिले विमान निघे. तीन-चार मिनिटांनी दुसरे, मग तिसरे. असे रात्रभर. खालच्या सैन्याला झोपू द्यायचे नाही, हाही कामाचा भाग होता. एक फेरी साधारण पाऊण-एक तासाची. विमान उतरले की इंधन, बॉम्ब, आणि पाच-दहा मिनिटांत पुन्हा वर. उन्हाळ्याच्या आखूड रात्री पाच-सहा फेऱ्या, हिवाळ्यात दहा-बाराही. नादेझ्दा पोपोवा यांनी एका रात्रीत अठरा फेऱ्या केल्याची नोंद आहे. युद्धभरात त्यांच्या ८५२ झाल्या. प्रकाशझोत अंगावर आला की डोळे दिपत, काही दिसत नसे. कधी दोन विमाने जोडीने जात. एक मुद्दाम झोतात शिरून तोफांचे लक्ष आपल्याकडे ओढी, तेवढ्यात दुसरे गुपचूप आपले काम करी. मग अदलाबदल. उजाडले की तळावर परत, रात्रीचा अहवाल, न्याहारी, झोप. दुपारी उठून पुन्हा नकाशे.

फेरी इतक्या लवकर कशी होई, याचे उत्तर जमिनीवरच्या मुलींत आहे. नियम असा की एका विमानाची एक मेकॅनिक, तिनेच तिचे विमान पाहायचे. या मुलींनी तो नियम बाजूला ठेवला. एक गट उतरणारे विमान धरून जागेवर आणी, दुसरा इंधन भरी, तिसरा इंजिन तपासी, चौथा बॉम्ब चढवी. विमान कुणाचेही असो. बॉम्ब चढवणाऱ्या मुली चिखलात, बर्फात गुडघे टेकून पन्नास-शंभर किलोचे बॉम्ब हातांनी उचलून अडकवत. त्यातला नाजूक भाग हातमोजे घालून बसवता येत नसे; गोठलेल्या लोखंडाला उघडी बोटे लावावी लागत. एका रात्रीत एकेका मुलीच्या हातून दोन-तीन टन वजन जाई, असे त्यांच्यातल्याच जाणकारांनी सांगून ठेवले आहे. या मुलींना कुणी चेटकीण म्हटले नाही. त्या उडतच नव्हत्या ना! पदकांच्या यादीतही त्यांची नावे शोधावी लागतात.

हे सारे आम्ही एकदा वर्गात सांगितले. आम्हाला वाटले, मुली विचारतील शत्रू किती मेले, विमाने किती पडली. मागच्या बाकावरची एक, एरवी तोंड न उघडणारी, म्हणाली, “टीचर, वो लोग सोते कब थे?” आम्ही म्हणालो, दिवसा. ती म्हणाली, “दिन में नींद नहीं लगती. मेरे अब्बा रात पाली को जाते, दिन में हमको बात करने नहीं देते.” आमचे गाव यंत्रमागाचे. निम्म्या वर्गाने माना हलवल्या. ज्या घरातला माणूस रात्रभर मागावर उभा असतो, त्या घरात दिवसा भांडेही वाजवायचे नसते, हे या मुलींना पुस्तकातून शिकावे लागत नाही. तिचा प्रश्न बरोबर होता. झोप पुरी होत नसेच. दोघींपैकी एकीने जाताना डुलकी घ्यायची आणि दुसरीने येताना, असा करार काही जोड्यांनी केला होता. उघड्या विमानात, शून्याच्या खाली तीस अंशांत, बॉम्ब लटकलेले असताना डुलकी! मुली हसल्या. मग एकदम गप्प झाल्या.

घर चालवण्याची हौसही त्यांनी सोडली नव्हती. कुणी विजारीच्या शिवणीतून रंगीत दोरा उसवून उशीच्या अभ्र्यावर फुले भरत बसे. एक प्रसंग तर ऐकून मन विषण्ण होते. उजेडासाठी जे फटाकेवजा दिवे खाली सोडत, त्यांना रेशमासारख्या कापडाचे छोटे पॅराशूट असे. बॉम्ब चढवणाऱ्या दोघी मुलींनी त्यातल्या एकाचे कापड फाडून स्वतःसाठी आतले कपडे शिवले. पुरुषांचेच कपडे घालावे लागत होते, त्याला कंटाळून. लष्करी मालमत्तेची नासाडी म्हणून त्यांच्यावर खटला चालला आणि दहा-दहा वर्षांची शिक्षा झाली. रेजिमेंटने रदबदली करून त्यांना कामावरच ठेवून घेतले. दोघींपैकी एक पुढे नॅव्हिगेटर झाली आणि उड्डाणात मारली गेली.

शिक्षक म्हणून आम्हाला सर्वांत मोलाची वाटलेली बाब वेगळीच आहे. एखादी मुलगी मेली, जखमी झाली की तिच्या जागी तयार मुलगी पाठवायला मागे कुणी नव्हते. तेव्हा रेजिमेंटने आघाडीवरच शाळा काढली. बॉम्ब चढवणारी, मेकॅनिक मुलगी नॅव्हिगेटरचे धडे घेऊ लागली. नॅव्हिगेटर विमान चालवायला शिकू लागली. दिवसा शिकायचे, रात्री लढायचे. या शाळेतली एक शिक्षिका म्हणजे झेन्या रुद्नेवा. मॉस्को विद्यापीठात खगोलशास्त्र शिकणारी ही मुलगी ताऱ्यांची वही सोडून आली होती. डायरी लिहायची, मैत्रिणींना परीकथा सांगायची. पुढे ती सबंध रेजिमेंटची मुख्य नॅव्हिगेटर झाली. नव्या वैमानिकेबरोबर आपण स्वतः जायचे, असा तिचा शिरस्ता होता. ९ एप्रिल १९४४च्या रात्री केर्चजवळ अशाच एका नव्या मुलीबरोबर ती गेली आणि विमान पेटून खाली आले. तिची ती ६४५वी फेरी होती. वय तेवीस. पुढे एका लघुग्रहाला तिचे नाव दिले गेले. ज्या आकाशाचा अभ्यास अर्धा सोडला, तिथे नाव तरी लागले. पण आमच्या डोळ्यांसमोर राहते ती नवशिक्या मुलीच्या मागच्या जागेवर बसलेली झेन्या. सराव पाठाच्या वेळी मागच्या बाकावर बसलेले निरीक्षक आठवतात. ही मात्र विद्यार्थिनीबरोबर त्याच पाठात मरायला तयार असलेली निरीक्षक.

आणि हजेरीपट? १९४३च्या ३१ जुलैची रात्र. कुबानमध्ये तामान द्वीपकल्पाच्या आघाडीवर विमाने नेहमीप्रमाणे एकामागून एक निघाली. त्या रात्री खालून तोफा वाजल्या नाहीत. नुसते प्रकाशझोत फिरत होते. वर जर्मनांनी रात्रीचे लढाऊ विमान आणले होते. झोतात उजळलेले कापडी विमान त्याला दिव्याखालच्या पतंगासारखे दिसे. मागून येणाऱ्यांना पुढचे विमान पेटताना दिसत होते आणि त्यांचीही पाळी येत होती. चार विमाने गेली. आठ मुली. सकाळी उरलेल्या झोपायला गेल्या, तेव्हा आठ खाटा रिकाम्या होत्या. वर्गात एखादी मुलगी दोन दिवस आली नाही तर हजेरी घेताना तिच्या नावापाशी आवाज अडखळतो. एका सकाळी आठ नावे, याचा विचार आम्हाला करवत नाही.

या हजेरीपटावरची दोन नावे आमच्या मुलींनी लगेच उचलली. एक मगुबा हुसैनोव्ना सिर्तलानोवा. ‘हुसैनोव्ना’ म्हणजे हुसैनची मुलगी, हे सांगताच वर्गात खसखस पिकली. हे तर आपल्यातले नाव! १९१२ साली बश्किरियातील बेलेबेय गावी जन्मलेल्या या तातार बाई युद्धाआधी तिबिलिसीच्या उड्डाण क्लबात शिक्षिका होत्या. १९४२च्या अखेरीस रेजिमेंटमध्ये आल्या, तेव्हा इतर मुलींपेक्षा वयाने मोठ्या. ७८० फेऱ्या केल्या आणि १९४६ साली ‘सोव्हिएत संघाचा वीर’ ठरल्या. पुढे कझान शहरात राहिल्या. १९७१ साली वारल्या. दुसरी खिउआझ दोस्पानोवा, कझाक. ती शाळेत हुशार, उड्डाण क्लबाचे प्रमाणपत्र हाती. पण मॉस्कोच्या हवाई दल अकादमीत मुलींना प्रवेश नव्हता, म्हणून वैद्यकीय शिक्षणाला गेली. तिथून रास्कोवांकडे. १ एप्रिल १९४३च्या रात्री उतरताना दोन विमाने एकमेकांवर आदळली. तिघी गेल्या. खिउआझला मेलेली समजून बाजूला ठेवले होते. दोन्ही पाय मोडले होते. बरी होऊन ती आघाडीवर परतली, तीनशेहून अधिक फेऱ्या केल्या, आणि पायांचे दुखणे जन्मभर वागवले. तिला कझाकस्तानने ‘लोकवीर’ म्हटले ते २००४ साली, म्हणजे मृत्यूआधी चार वर्षे.

इथेच मघाची राहिलेली गोष्ट पुरी करायला हवी. १९४४च्या वसंतात ही रेजिमेंट क्रिमियात लढत होती. ९ मे रोजी सेवास्तोपोल सोडवले गेले, रेजिमेंट बेलारूसकडे निघाली. त्याच महिन्यात, १८ मेच्या पहाटे, क्रिमियातील तातारांच्या दारांवर शिपाई येऊन उभे राहिले. सगळी जमात शत्रूला सामील झाली, असा ठपका. तीन दिवसांत पावणेदोन लाखांहून अधिक माणसे, बायका, म्हातारी, मुले, मालगाड्यांत भरून बहुतांशी उझबेकिस्तानकडे पाठवली गेली. वाटेत आणि पुढच्या वर्षांत त्यांतली हजारो गेली. याच सोव्हिएत हवाई दलात अमेत-खान सुलतान नावाचा लढाऊ वैमानिक होता, आईकडून क्रिमियन तातार, दोनदा ‘सोव्हिएत संघाचा वीर’ ठरलेला. मगुबा क्रिमियन तातार नव्हत्या, त्यांचे लोक व्होल्गा-उरल भागातले. त्यांना हात लागला नाही. या मुलींचा त्या हुकमाशी काही संबंधही नव्हता. तरी मुलींना गोष्ट सांगताना हे पान फाडून ठेवणे आम्हाला जमत नाही. एंगेल्सला जे झाले तेच क्रिमियात झाले: हजेरी न घेता सगळ्या वर्गाला एकच नाव दिले. ‘गद्दार’ हे नाव तसेच. आणि वाचकहो, थोडे वेगळ्या अर्थाने, ‘चेटकीण’ हेही तसेच. थोकात दिलेल्या नावाने निंदा होवो की स्तुती, त्यात माणूस दिसत नाही.

आणखी एक गोष्ट मनात येते, ती दाबून ठेवू नये. ज्यांच्यावर ते बॉम्ब पडले, तीही माणसेच होती; कुणाची तरी मुले खंदकात झोपेला तरसत होती. युद्ध त्यांनी आणले होते, या मुली आपली गावे परत मिळवत होत्या, हे खरे. पण मरण काही त्यामुळे सुंदर होत नाही. आम्हाला वर्गातून वैमानिक घडवायचे असतील, तरी बॉम्ब टाकणारे घडावेत असे वाटत नाही. याच रेजिमेंटने १९४३च्या अखेरीस केर्चजवळ अडकलेल्या आपल्या खलाशांना त्याच विमानांतून, त्याच अंधारात, धान्याची, बटाट्याची पोती टाकली. पोते कुणाच्या डोक्यात पडू नये म्हणून वैमानिक मुली वरून ओरडत. हा पाठ सांगताना आमचा आवाज जरा मोठा होतो, हे मुलींनी ओळखले आहे.

रेजिमेंटला १९४३ साली ‘गार्ड’ हा मान आणि ४६वा क्रमांक मिळाला. युद्ध संपेपर्यंत तेवीस हजारांहून अधिक फेऱ्या झाल्या. वीसहून अधिक जणी ‘वीर’ ठरल्या, तीसहून अधिक परत आल्या नाहीत. रास्कोवा तर जानेवारी १९४३मध्येच हिमवादळात विमान कोसळून गेल्या होत्या. ज्यांना घडवले त्यांची फेरीही त्यांना पाहता आली नाही. ऑक्टोबर १९४५मध्ये रेजिमेंट मोडली. मुली घरी गेल्या, शिकल्या, नोकऱ्या केल्या, संसार केले. रेजिमेंटचे सगळे कागदपत्र सांभाळणाऱ्या इरिना राकोबोल्स्काया पुन्हा भौतिकशास्त्राकडे वळल्या आणि मॉस्को विद्यापीठात प्राध्यापक झाल्या.

पण त्यांनी आपसांत एक ठरवले होते. दरवर्षी २ मे रोजी मॉस्कोच्या बोल्शोई नाट्यगृहासमोरच्या बागेत जमायचे. आमंत्रण नाही, भाषण नाही. यायचे आणि एकमेकींना पाहायचे. वर्षानुवर्षे त्या जमल्या. आधी पुष्कळ, मग बाकावर मावतील इतक्या, मग त्याहून कमी. पोपोवा २०१३ साली गेल्या, राकोबोल्स्काया २०१६ साली. बागेत उभे राहून मोठ्याने कुणी नावे वाचत नसेल. त्याची गरजही नव्हती. कोण आली आणि कोण नाही, हे प्रत्येकीला पाठ होते. मॅडमने विचारण्याआधीच आमच्या वर्गातल्या मुलीही सांगून टाकतात, आज अमुक नहीं आई, उसकी अम्मी बीमार है. त्या वेळी आम्ही वही उघडतो आणि त्या नावापुढे स्वच्छ अक्षरात खूण करतो.